विक्रमादित्य : एक नाव, अनेक राजे

महाराष्ट्रातील घरांत वर्षाकाठी दोन पाडवे येतात. चैत्रातल्या पाडव्याला दारी गुढी उभी राहते आणि शालिवाहन शकाचे नवे वर्ष सुरू होते. कार्तिकातल्या पाडव्याला व्यापारी नवी वही उघडतो आणि विक्रम संवताचे नवे वर्ष लागते. गुजरातेतही हा संवत कार्तिकातच बदलतो. उत्तर हिंदुस्थानात तो चैत्रात बदलतो. आणि नेपाळात तर सरकारी व्यवहारच या संवताने चालतो. पंचांगात शक आणि संवत शेजारी शेजारी छापलेले असतात, आणि त्या दोन आकड्यांत १३५ वर्षांचे अंतर असते. ज्याच्या नावाने हा संवत चालतो तो राजा कोण, असे कोणालाही विचारावे. उत्तर ठरलेले आहे. तो उज्जयिनीचा विक्रमादित्य. त्यानेच शकांना हाकलून लावले. त्याच्याच सभेत कालिदास होता, वराहमिहिर होता. तोच वेताळाला खांद्यावर घेऊन स्मशानातून चालला आणि त्याच्याच सिंहासनाच्या बत्तीस पुतळ्या पुढे बोलू लागल्या.

लोकांच्या स्मरणात हा एकच पुरुष आहे. शिलालेख, ताम्रपट आणि नाणी पाहू लागले म्हणजे मात्र त्या एका पुरुषाच्या जागी अनेक माणसे उभी राहतात. त्यांच्यामध्ये शतकांची आणि शेकडो कोसांची अंतरे आहेत. त्यांतले काही थोर होते, काही सामान्य होते, एकदोघे दुर्दैवी होते. सर्वांचे पुण्य मात्र एकाच खात्यावर जमा होत गेले आहे. ते खाते उकलून ज्याचे त्याच्या नावे मांडण्याचा प्रयत्न केला, तर काय हाती लागते?

आरंभ संवतापासूनच करणे योग्य. हा संवत इसवी सनापूर्वी ५७ या वर्षापासून मोजला जातो. शकांचा पराभव करून विक्रमादित्याने तो सुरू केला, अशी परंपरा आहे. जैन परंपरेतील कालकाचार्यांची कथा याच प्रसंगाभोवती गुंफलेली आहे. उज्जयिनीचा राजा गर्दभिल्ल याने कालकाचार्यांच्या साध्वी बहिणीचे हरण केले. त्याचा सूड घेण्यासाठी आचार्यांनी शकांना माळव्यात आणले. आणि पुढे विक्रमादित्याने त्या शकांचा उच्छेद केला. कथा तर्काला धरून आहे. परंतु या संवताचे जुने लेख पाहिले तर त्यांत विक्रमाचे नावच आढळत नाही. राजस्थानात नांदसा येथे यज्ञाचा दगडी यूप आहे. त्यावर २८२ हे वर्ष कोरलेले आहे, म्हणजे इसवी सन २२५ च्या सुमाराचा काळ. आणि त्या वर्षाला ‘कृत’ असे म्हटले आहे. मंदसोरच्या प्रसिद्ध सूर्यमंदिराच्या लेखात ४९३ हे वर्ष, म्हणजे इसवी सन ४३६, मालवगणांच्या कालगणनेप्रमाणे दिलेले आहे. हे मालव एक गणराज्य चालवीत. ही कालगणना त्या वेळी एका समाजाची म्हणून ओळखली जात होती. धोलपूर येथील ८९८ या वर्षाच्या लेखात, म्हणजे इसवी सन ८४२ मध्ये, तिला विक्रमाचा काळ असे स्पष्टपणे म्हटलेले आढळते. जमिनीच्या दप्तरात वहिवाट एकाची चालावी आणि पुढे केव्हातरी फेरफार होऊन नाव दुसऱ्याचे लागावे, तसाच हा प्रकार दिसतो. गणांचा संवत राजाच्या नावे झाला.

मग इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात विक्रमादित्य नावाचा राजा झालाच नाही काय? इतके निश्चयाने सांगणे हेही धाडसाचे होईल. महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशती या संग्रहात त्याचा एक उल्लेख आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावाने हा संग्रह प्रसिद्ध आहे. प्रियेचे पाय चेपणाऱ्या पुरुषाच्या हाताला तिच्या पायाचा लाखेचा रंग लागला. त्यावर कवीची कल्पना अशी, की संतुष्ट झालेल्या पायाने ‘लाख’ देऊन विक्रमादित्याचेच अनुकरण केले. सेवकाला लाखाचे दान देणारा राजा म्हणून विक्रमादित्य त्या काळच्या श्रोत्यांना माहीत होता, म्हणून तर हा श्लेष साधला. परंतु या संग्रहात गाथांची भर शतकानुशतके पडत गेली असल्यामुळे ही एक गाथा नेमकी केव्हाची, हे तिच्यावरून ठरत नाही. त्या आद्य विक्रमाचे निर्विवाद असे एकही समकालीन नाणे अथवा लेख मिळालेला नाही. त्याचे औदार्य मात्र त्याच्या पुराव्याच्या आधी आपल्यापर्यंत पोचले आहे.

नाण्यांवर ज्याचे विक्रमादित्यपण स्वच्छ वाचता येते, असा पहिला मोठा पुरुष म्हणजे गुप्त घराण्यातील दुसरा चंद्रगुप्त. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस तो गादीवर आला आणि ४१५ च्या सुमारापर्यंत राज्य करीत होता. १९४६ मध्ये राजस्थानात बयाना येथे गुप्तांच्या सुवर्णनाण्यांचा फार मोठा साठा सापडला. डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनी त्याचा साक्षेपाने अभ्यास करून १९५४ मध्ये त्याची सूची प्रसिद्ध केली. हाती आलेल्या १,८२१ नाण्यांपैकी ९८३ एकट्या या चंद्रगुप्ताची होती. सिंहाशी झुंजणारा, घोड्यावर स्वार झालेला, धनुष्य घेतलेला राजा त्यांवर दिसतो. आणि विक्रम, सिंहविक्रम, अजितविक्रम, विक्रमादित्य अशी बिरुदे वाचावयास मिळतात.

बिरुदाला शोभेल असे कर्तृत्वही त्याच्या पदरी आहे. माळवा, गुजरात आणि सौराष्ट्र या प्रांतांत शक क्षत्रपांचे राज्य तीनशे वर्षे टिकून होते. ते त्याने संपविले. क्षत्रपांची चांदीची नाणी बंद पडतात आणि इसवी सन ४०९ च्या सुमारास त्याच घडणीची, परंतु चंद्रगुप्ताच्या नावाची नाणी सुरू होतात. राज्य बदलल्याची इतकी मुकी आणि इतकी खात्रीची साक्ष क्वचितच मिळते. शकारि ही उपाधी कोणाला साजत असेल तर ती यालाच. त्याची कन्या प्रभावतीगुप्ता वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याला दिलेली होती. पती अकाली वारल्यावर तिने आपल्या लहान मुलाच्या वतीने विदर्भाचा कारभार पाहिला. रामटेकजवळच्या नंदिवर्धन या राजधानीतून तिने दिलेल्या दानाचा ताम्रपट पुण्यात उजेडात आला. त्यात आपल्या माहेरच्या गुप्त राजांची वंशावळ तिने अभिमानाने दिली आहे. विदर्भाच्या भूमीशी विक्रमादित्याचा जो निश्चित संबंध सांगता येतो, तो या कर्त्या कन्येच्या द्वारे.

परंतु याच चंद्रगुप्ताच्या खात्यावर दुसऱ्याचे पुष्कळ काही चढलेले आहे. नवरत्नांची गोष्ट घ्या. धन्वंतरी, क्षपणक, अमरसिंह, शंकु, वेतालभट्ट, घटखर्पर, कालिदास, वराहमिहिर आणि वररुचि ही नऊ रत्ने विक्रमाच्या सभेत होती, असे ज्योतिर्विदाभरण नावाचा ग्रंथ सांगतो. हा ग्रंथ कालिदासाच्या नावावर असला तरी तो फार पुढच्या काळातला आहे. वराहमिहिराने आपल्या पंचसिद्धान्तिकेत गणितासाठी शक ४२७ हे वर्ष घेतले आहे. म्हणजे इसवी सन ५०५. चंद्रगुप्ताला जाऊन त्या वेळी सुमारे नव्वद वर्षे झाली होती, आणि संवताच्या आरंभाला तर साडेपाचशेहून अधिक. तेव्हा हे नऊ जण एका दरबारात कधी बसले असतील, हे संभवत नाही. कालिदासाला गुप्तकाळात, बहुधा या चंद्रगुप्ताच्याच काळात, ठेवण्याकडे अनेक पंडितांचा कल आहे. तरी बाकीच्या आसनांवर लोकांच्या प्रेमाने वेगवेगळ्या शतकांतील माणसे आणून बसविली, असेच म्हणावे लागते. चंद्रगुप्ताचा नातू स्कंदगुप्त याने हूणांशी निकराची झुंज दिली आणि विक्रमादित्य हे बिरुद आपल्या नाण्यांवर धारण केले. त्या शूराची आठवण मात्र या कथांतून पुसून गेली आहे.

उत्तरेत बिरुद म्हणून वापरले गेलेले हे नाव दक्षिणेत राजपुत्रांना जन्मनाव म्हणून ठेवले जाऊ लागले. बदामीच्या चालुक्यांत दोन विक्रमादित्य झाले, आणि या दोघांची कथा सलग वाचावी अशी आहे. इसवी सन ६४२ मध्ये पल्लव राजा नरसिंहवर्मा याने बदामी, म्हणजे त्या वेळची वातापी, जिंकली. महाप्रतापी दुसरा पुलकेशी या संकटात नाहीसा झाला. शत्रूने बदामीच्या कड्यावर आपला विजयलेख कोरला आणि राजधानी बारा-तेरा वर्षे पोरकी राहिली. पुलकेशीचा पुत्र पहिला विक्रमादित्य याने ६५५ च्या सुमारास ती सोडविली आणि मोडलेले राज्य पुन्हा उभे केले.

याचा पणतू दुसरा विक्रमादित्य. त्याचे राज्य ७३३ पासून सुमारे अकरा वर्षे झाले. त्याने पल्लवांचा पराभव केला आणि त्यांच्या कांची नगरात प्रवेश केला. वातापीचा सूड घेण्याची वेळ आली होती. पणजोबांनी भोगलेला वनवास त्याला ठाऊक होता, आणि हाताशी विजयी सैन्य होते. परंतु त्याने कांची उद्ध्वस्त केली नाही. तेथील राजसिंहेश्वराच्या, म्हणजे आज कैलासनाथ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मंदिरातील संपत्ती त्याने पाहिली आणि ती देवाला परत देऊन टाकली. हे त्याच्या स्तुतिपाठकाने घरी बसून रचलेले काव्य म्हणून सोडून देता येत नाही. त्या मंदिरातील खांबावर, तमिळ देशात, त्याचा कन्नड लेख आजही आहे. ज्याला जिंकले त्याच्याच देवळात विजेत्याने आपल्या औदार्याची नोंद ठेवली, आणि ज्यांना जिंकले त्यांनी ती पुसली नाही. या दोन्ही गोष्टी सारख्याच विचार करण्याजोग्या आहेत.

त्याच्या राण्या लोकमहादेवी आणि त्रैलोक्यमहादेवी यांनी पट्टदकल येथे दोन शिवमंदिरे उभारली. थोरल्या राणीचे मंदिर विरूपाक्ष या नावाने प्रसिद्ध आहे. पतीने कांची तीनदा जिंकली त्याच्या स्मरणार्थ ते बांधल्याचे तेथील लेख सांगतो. त्याची घडण कांचीच्या कैलासनाथाशी नाते सांगते, आणि वेरूळच्या कैलास लेण्यावर या विरूपाक्षाची छाया पडली आहे, असे शिल्पाचे अभ्यासक मानतात. शत्रूच्या नगरातून लुटीऐवजी मंदिराची कल्पना आणली गेली, आणि ती पुढे सह्याद्रीच्या अलीकडे येऊन डोंगरात कोरली गेली.

पुढे चालुक्यांची दुसरी शाखा कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे, नांदली. तिच्यातला सहावा विक्रमादित्य १०७६ मध्ये गादीवर आला आणि त्याने पन्नास वर्षे राज्य केले. वडील भाऊ दुसरा सोमेश्वर याला दूर करून त्याने सत्ता घेतली, ही त्याच्या चरित्रातील सलणारी गोष्ट आहे. नावाचा महिमा त्याच्याइतका कोणीच मनावर घेतला नसेल. उज्जयिनीच्या विक्रमाचा संवत आहे, तर आपलाही असावा, म्हणून त्याने शकगणना बाजूला सारून चालुक्य-विक्रम काळ सुरू केला. कर्नाटकात आणि दक्षिण महाराष्ट्रात त्या काळाचे पुष्कळ लेख मिळतात. पण राजा गेला आणि थोड्याच अवधीत त्याचा संवतही मावळला. शालिवाहन शक तेवढा टिकून राहिला.

या राजाने दूर काश्मीरहून आलेल्या बिल्हण कवीला आश्रय दिला. बिल्हणाने विक्रमांकदेवचरित हे काव्य रचून आपल्या धन्याला अमर करण्याचा यत्न केला. कऱ्हाडच्या शिलाहार राजकन्येचे, चंदलादेवीचे, स्वयंवरही त्यात रंगविले. ते काव्य शतकानुशतके अज्ञात राहिले आणि १८७४ मध्ये जेसलमेरच्या जैन ग्रंथभांडारात डॉ. ब्यूलर यांच्या हाती लागले. राजाची कीर्ती खरी टिकविली ती दुसऱ्याच एका ग्रंथाने. त्याच्या राज्यात विज्ञानेश्वर नावाचा शास्त्री होता. त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली आणि शेवटी कल्याण नगराची व विक्रमराजाची मनापासून प्रशंसा केली. वडिलोपार्जित मिळकतीत पुत्राचा हक्क जन्मतःच निर्माण होतो, हे मिताक्षरेचे मत बंगाल वगळता बहुतेक सर्व हिंदुस्थानात मान्य झाले. कोलब्रूकने १८१० मध्ये तिच्या दायविभागाचे इंग्रजी भाषांतर केले आणि इंग्रजी न्यायालयेही तिच्याच आधारे निवाडे देऊ लागली. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा करताना मिताक्षरेचे एकत्र कुटुंब विचारात घ्यावे लागले. आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलीलाही मुलासारखा जन्मसिद्ध हक्क दिला, तेव्हा ती दुरुस्तीही मिताक्षरेच्याच चौकटीत झाली. राजाने मोठ्या हौसेने चालविलेला संवत आज कोणाच्या पंचांगात नाही. त्याच्या शास्त्र्याचा शब्द मात्र प्रत्येक वाटणीच्या दाव्यात निघतो.

नावाबरोबर पराक्रमही येतो असे मात्र नाही. राणा संगाचा पुत्र विक्रमादित्य १५३१ मध्ये मेवाडच्या गादीवर आला. त्याला आपले सरदार सांभाळता आले नाहीत. १५३५ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने चितोड घेतले, आणि पुढच्याच वर्षी बनवीराने या राण्याचा खून केला. ग्वाल्हेरच्या तोमर घराण्यातील विक्रमादित्य आपले राज्य गमावून बसला होता. १५२६ च्या पानिपतावर तो इब्राहिम लोदीच्या बाजूने लढून पडला. याच रणभूमीवर तीस वर्षांनी आणखी एक विक्रमादित्य आला. व्यापारातून वर चढून सूर सुलतानाचा प्रधान झालेल्या हेमूने ऑक्टोबर १५५६ मध्ये दिल्ली घेतली आणि राजा विक्रमाजीत हे नाव धारण केले. एक महिनाही लोटला नाही, तोच ५ नोव्हेंबरला पानिपतावर डोळ्यात बाण लागून तो कोसळला. पुढे मोगल बादशहा हे नाव आपल्या चाकरांना किताब म्हणून देऊ लागले. १६२० मध्ये कांगड्याचा किल्ला सर करणारा सुंदरदास हा जहांगिराच्या दरबारचा राजा विक्रमाजीत होता. स्वतंत्र सम्राटाचे बिरुद शेवटी दरबारी मानाची वस्त्रे होऊन बसले.

वस्तूंनी, स्थळांनी आणि कथांनीही या नावात वाटा मागितला आहे. भागलपूरजवळचे विक्रमशीला महाविहार पाल राजा धर्मपाल याने स्थापिले. विक्रमादित्याशी त्याचा संबंध नावाच्या पूर्वार्धापुरताच. वेताळाच्या कथांचा प्रकार याहून मौजेचा आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने कथासरित्सागरात त्या सांगितल्या. तेथे वेताळाला खांद्यावर घेणारा राजा उज्जयिनीचा नसून गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानाचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे, आणि त्याचे नाव त्रिविक्रमसेन. नावात ‘विक्रम’ एवढी तीन अक्षरे होती. तेवढ्यावर पैठणच्या राजाचे साहस उज्जयिनीच्या राजाकडे गेले. स्वतंत्र भारतात उज्जैनच्या विद्यापीठाला १९५७ मध्ये विक्रमाचे नाव देण्यात आले. रशियाकडून घेतलेली विमानवाहू युद्धनौका २०१३ मध्ये विक्रमादित्य या नावाने भारताच्या नौदलात दाखल झाली. आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या यानाच्या अवतरकाचे नाव ऐकून ज्यांना उज्जयिनी आठवली असेल, त्यांनी हेही लक्षात ठेवावे, की तो विक्रम म्हणजे भारतीय अंतराळ संशोधनाचे जनक विक्रम साराभाई होत. उद्याच्या दंतकथेला येथेही जागा आहे.

या सर्व छाननीने जुन्या विक्रमाचे काही कमी होते काय? लोकांनी त्याच्या ठिकाणी शौर्य, दातृत्व आणि न्याय एकत्र पाहिले. राजाने कसे असावे, हे ठरविण्याचे एक माप त्यांनी त्याच्या रूपाने घडविले. ते माप खरे आहे, आणि पुढच्या राजांनी ते नाव घेतले ते त्या मापाला उतरण्याच्या आकांक्षेने. अन्याय होतो तो खऱ्या माणसांवर. मालवगणांनी चालविलेली कालगणना, हूणांना थोपविणारा स्कंदगुप्त, पैठणचा त्रिविक्रमसेन आणि कांचीची संपत्ती परत करणारा बदामीचा राजा, ही सारी एका नावाच्या प्रकाशात दिसेनाशी होतात.

दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन करणारा व्यापारी एक नियम कधी विसरत नाही. रक्कम कितीही लहान असो, ती ज्याची असेल त्याच्याच नावे मांडली पाहिजे. त्याच्या वहीवर ज्याचा संवत लिहिला जातो, त्या विक्रमाच्या नावाचा हिशेबही याच नियमाने लिहिला गेला पाहिजे.